बराबरकाकांचा हात

लातूरच्या मे महिन्यात, भर दुपारी दोन वाजता, दारं लावून आणि पंखा बंद करून बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. अंगात बनियन, डोक्याला ओला पंचा, समोर दोन टेपरेकॉर्डर आणि उजव्या हाताची दोन बोटं आवाजाच्या खुंटीवर. दार वाजवलं तर ते उघडत नसत. आतून ओ सुद्धा देत नसत, कारण ओ दिली तर त्यांचं ऐकणं मोडायचं. आपण बाहेर पायरीवर बसायचं. कॅसेटची एक बाजू संपली की कडी वाजायची आणि घामानं निथळलेले काका दारात येऊन म्हणायचे, "या भाऊसाहेब. झाली बराबर."

या 'बराबर'वरूनच त्यांना सगळे बराबरकाका म्हणत. गोलाईच्या मागच्या गल्लीत त्यांचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. लग्नं, कीर्तनं, सत्कार, शाळांची गॅदरिंगं ते टेप करत. असे दुकानदार गावात आणखी दोन-तीन होते, पण ते जसं भरलं गेलं तसं गिऱ्हाइकाच्या हातात देऊन मोकळे होत. काका मूळ कॅसेट सहसा कुणाला देतच नसत. आधी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची. यंत्रावरच्या कितव्या आकड्याला कोण बोलतो, किती मोठ्यानं, किती बारीक, हे सगळं वहीत उतरवायचं. मग वही मांडीवर घेऊन तीच कॅसेट दुसऱ्या कॅसेटवर उतरवायची आणि उतरवताना खुंटी फिरवत राहायची. मोठा आवाज खाली, बारीक आवाज वर. ऐकणाऱ्याला घरी सारखं उठून यंत्राचे कान पिळावे लागू नयेत, एवढाच सगळा खटाटोप.

"आवाज आल्यावर हात हलिवला की उशीर झाला," ते म्हणायचे. "आवाज यायच्या आदी हात गेला पायजे. मनून वही."

तेव्हा आवाज आपोआप सांभाळणारे टेपरेकॉर्डर नुकते बाजारात आले होते. काकांचा त्यांच्यावर दात होता. "माणूस गप बसला की हे येडं पंख्याला बोलाया लावतंय, आन् जवळचा खोकला की लांबच्याला गाडून टाकतंय. त्याला काय कळतंय कोण बोलतंय ते?" असं म्हणून ते त्या यंत्राकडे, घरात घुसलेल्या मांजराकडे पाहावं तसं पाहत.

त्याआधी काका अडत बाजारात मापाडी होते. करडई, भुईमूग, तूर, पोत्यांमागून पोती त्यांनी तोलली. एका अडत्यानं पारड्याला पायाचा अंगठा लावला म्हणून भर बाजारात त्याच्याशी भांडले आणि तराजू खाली ठेवून घरी आले ते परत गेलेच नाहीत. पण बाजार अंगातून गेला नव्हता. माइक तपासताना बाकीचे हॅलो हॅलो करत, काका मापाड्याच्या सुरात, एकच्या जागी लाभ धरून म्हणत, "लाभ, दोन, तीन." एका आमदारकीच्या उमेदवाराच्या सभेत त्यांनी हे केलं तेव्हा मंडपातले निम्मे शेतकरी हसले आणि उमेदवाराला वाटलं, लोक आपल्यालाच हसले.

बोलणाऱ्यापेक्षा गप्प बसलेल्याकडे पाहायची त्यांना खोड होती. हॉटेलात चार माणसं वाद घालत असली तर हे मध्येच गप्प बसलेल्या पाचव्याला म्हणायचे, "तुमी काय मनत होताव, बोला की." तो बिचारा गांगरून चहा सांडायचा. त्यांच्या बायकोचा आवाज अगदी बारीक. म्हणून तिच्याशी बोलताना ते तिच्या इतके जवळ जाऊन उभे राहत की त्या काळच्या लातुरात ते बरं दिसत नसे. काकू लाजून मागे सरायच्या, काका पुढे सरायचे, आणि असं करत करत दोघं बोलणं संपेपर्यंत ओट्यावरून न्हाणीपर्यंत जायचे.

या बराबरीनं त्यांचं भलं झालं असं मात्र नाही. एका लग्नाची कॅसेट त्यांनी अशीच मन लावून केली. मंगलाष्टकांत आत्याबाई किंचाळत होत्या, त्यांना खाली आणलं. मागं कुठं तरी नवरीची आजी काही पुटपुटत होती, तिला वर घेतलं. कॅसेट नवऱ्याच्या घरी नांदेडला गेली. तिथं सगळं गणगोत जमवून लावली, तर दोन मंगलाष्टकांच्या मध्ये आजीबाई घंटेसारख्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "पोरगं लईच काळं हाय गं." महिनाभर दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. नवरीचा बाप दुकानात येऊन काकांवर तुटून पडला. काका शांतपणे म्हणाले, "म्हातारी बोलली ते बोलली. मी तिच्या तोंडात घातलं न्हाई, आन् काढून बी घेनार न्हाई."

हे मी तेव्हा चवीनं सांगत फिरायचो. नंतर मला त्या वाक्याची भीती वाटायला लागली.

ते दिवस नव्या जिल्ह्याचे होते. उस्मानाबादेतून लातूर वेगळं झालं आणि गावात रोज एखादी कचेरी उगवू लागली. पाट्या नव्या, खुर्च्या जुन्या, आणि माणसं माझ्यासारखी, अजून कायम न झालेली. मी कुठल्या कचेरीत होतो ते सांगत नाही. माझी बायको सातव्या महिन्यात होती, माहेर लातूरचंच, आणि मला काहीही करून लातुरातच कायम व्हायचं होतं. पाऊस दोन वर्षं नीट पडला नव्हता. शहरात नळ आठ-आठ दिवस कोरडे राहत आणि खेड्यात टँकर जात. आमच्या कचेरीत येणारा प्रत्येक दुसरा कागद पाण्याचाच असे.

असाच एक अर्ज लातूरपासून पाऊण तासावरच्या एका गावाहून आला. गावाला दोन दिवसांआड टँकर यायचा आणि तो सगळा वरच्या विहिरीत रिकामा व्हायचा. खालच्या बौद्धवस्तीतल्या बायकांना त्या विहिरीवर पोहरा टाकू देत नसत. त्यांनी घागरी मांडून बसायचं आणि वरच्या कुणी बाईनं ओतलं तर घ्यायचं. वस्तीचा स्वतःचा एक आड होता, बांधलेला, पण कोरडा. त्यांचं मागणं एवढंच होतं, की एका खेपेचा टँकर आमच्या आडात सोडा.

आमचे साहेब चौकशीला निघाले. त्यांना नव्या जिल्ह्यात नवी पद्धत आणायची होती, म्हणून जबाब टेप करायचे ठरले. यंत्र माझ्या मांडीवर. गावात शिरताना जीपमधून मी पाहिलं, वरच्या विहिरीपाशी दहा-बारा बायका रिकाम्या घागरी घेऊन उन्हात बसल्या होत्या. अकरा वाजले होते.

पारावर टेबल मांडलं होतं. साहेब, सरपंच, गावातली चार मोठी माणसं, तलाठी आणि मी टेबलाभोवती. वस्तीची माणसं पाराखाली, बरीच लांब उभी. यंत्र टेबलावर होतं, सेलवर चालणारं. ते उचलून खाली नेता आलं असतं. मी नेलं नाही. कुणी नको म्हटलं नव्हतं. मी आमच्या आळीत वाढलेला, त्या बाजूला जाऊन उभं राहायची सवय नव्हती, आणि ती सवय आपल्याला नाही हेसुद्धा तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

वस्तीच्या वतीनं एक पन्नाशीची बाई बोलली. साहेबांनी विचारलं, "पाणी मिळतं का?"

"मिळतं," ती म्हणाली, आणि पुढे बरंच बोलली. ती बोलत असतानाच साहेब सरपंचांकडे वळून दुसरंच काही बोलायला लागले होते. पण मी ऐकलं. मला सगळं ऐकू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी टंकायला बसलो आणि कॅसेटची सुरुवात लावून पाहिली, तर सरपंच गडगडतायत आणि पाराखालच्यांच्या जागी नुसती खरखर. यंत्र आपोआप आवाज सांभाळणारं होतं, काकांचा दुष्मन. मी वैतागून कॅसेट काढली आणि काकांकडे नेली. एवढं मात्र मी चांगल्या मनानं केलं, हे माझं मलाच अधूनमधून सांगत असतो.

काकांनी तीन दुपारी घालवल्या. तिसऱ्या दिवशी पायरीवरून मला आत बोलावलं, दार लावलं आणि नवी कॅसेट लावली. सरपंच आता साध्या माणसासारखे बोलत होते. मग ती बाई बोलली, समोर बसल्यासारखी.

"मिळतं, पर कसं मिळतं ते बी लिवा साहेब. घागर मांडून उनात बसायचं. कुनी वतलं तर पानी, न्हाई वतलं तर रिकामी घागर घेऊन घरी. माझी सून बाळंतीन हाय, पाचवा दिस हाय आज, लेकराला न्हाऊ घालाया पानी न्हाई. आमाला कुनाच्या हातचं मागून पानी नगं. टँकर आमच्या आडात सोडा. आड आमचा आमी धून ठिवलाय."

काकांची बोटं अजून खुंटीवरच होती. "आड धून ठिवलाय मनती," ते म्हणाले. "कोरडा आड. कशानं धुतला असंल, भाऊसाहेब?"

काकूंनी दिलेला चहा तसाच ठेवून मी उठलो.

कचेरीत साहेबांनी मला आत घेतलं. साहेब वाईट नव्हते. कधी कुणावर ओरडत नसत, माझ्या बायकोची चौकशी करत. म्हणाले, "हे बघा, एका गावात एका टँकरचे दोन वाटे केले, की उद्या प्रत्येक गावातून असा अर्ज येईल. आपल्याकडे तेवढे टँकर नाहीत. जबाबात जेवढं स्पष्ट ऐकू आलं तेवढंच लिहा. उगाच अंदाजानं काही घालू नका." मग जाता जाता, "तुमची कायम होण्याची फाइल माझ्याकडेच आहे, आठवड्यात वर पाठवतो."

मी लिहिलं: 'अर्जदार बाईने पाणी मिळत असल्याचे मान्य केले. पुढील भाग अस्पष्ट.' ही दोन वाक्यं टंकायला मला अर्धं मिनिट लागलं असेल.

पण काकांना एक खोड होती. आपण बराबर केलेल्या कॅसेटवरून कुणी काही लिहून काढलं, तर ते लिहिलेलं पुन्हा कॅसेटशी पडताळून पाहायचे. मापाड्याची सवय, दुसऱ्यांदा तोलून बघायचं. त्यांनी माझ्याकडे तो कागद दोनदा मागितला. मी आज देतो, उद्या देतो केलं. तिसऱ्या वेळी ते एका शिपायाला गाठून कागद वाचून आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपलं जड यंत्र धोतरात गुंडाळून, सायकलच्या मागे बांधून, थेट कचेरीत हजर झाले.

"साहेब, पुढलं अस्पष्ट न्हाई," ते म्हणाले. "ऐकून घ्या एकडाव."

साहेबांनी ऐकून घेतलं. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. सगळे कारकून भोवती उभे राहिले. बाई बोलली. आड धुऊन ठेवलाय म्हणाली तेव्हा आमच्यातल्या एकानं खाली मान घातली. काकांनी कळ दाबून यंत्र थांबवलं.

साहेब माझ्याकडे वळून अगदी सौम्य आवाजात म्हणाले, "तुम्ही तिथं होतात. बाई हे बोलली होती का? की यांनी आवाज वरखाली करताना इकडचं तिकडचं काही जोडलंय?"

कुणाच्या कपाळावर पिस्तूल लावलं म्हणजे माणूस खोटं बोलतो, हे समजू शकतं. माझ्यासमोर फक्त एक सौम्य माणूस होता आणि त्याच्या कपाटात एक फाइल होती. मी म्हणालो, "साहेब, मला तिथं असं काही ऐकू आलं नाही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता हा माणूस, ज्यानं एका अंगठ्यासाठी भरला बाजार सोडला, तो मला इथं उभा चिरेल. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमी कुठं बसला होताव, भाऊसाहेब?"

"टेबलापाशी."

"मंग बराबर हाय," ते म्हणाले. "तिथनं न्हाई येत ऐकू."

त्यांनी यंत्र पुन्हा धोतरात गुंडाळलं. गाठ नीट बसेना, तेव्हा एका शिपायानं हात लावला. मी लावला नाही.

अर्ज निकाली निघाला. टँकर खालच्या आडात एकदाही गेला नाही, आणि त्या बायका जून संपेपर्यंत वरच्या विहिरीवर बसत राहिल्या. मी महिनाभरात कायम झालो. मुलगी झाली. तिला पाचव्या दिवशी सासूबाई न्हाऊ घालत होत्या तेव्हा मी घराबाहेर जाऊन उभा राहिलो. बायकोनं विचारलं, तर म्हणालो, उकडतंय.

लातुरात बोलणं पसरायला वेळ लागत नाही. बराबरकाका कॅसेटमध्ये नसलेलं घालतात, साहेबांनी त्यांना पकडलं, असं लोक म्हणू लागले. ज्यांना त्या लग्नातली आजी आठवत होती ते म्हणाले, तेव्हाही असंच केलं असणार. गिऱ्हाईक तुटलं. वर्षाच्या आत दुकानाला दुसऱ्याचं कुलूप लागलं आणि काका एका डाळ मिलच्या फाटकावर आत-बाहेर जाणाऱ्या गाड्या लिहून घ्यायच्या कामाला बसले. मी त्या रस्त्यानं जायचं टाळत असे. टाळताना लांबचा वळसा पडायचा आणि तो मी रोज घालायचो. नांदेडला बदली मागून घेतली तेव्हा घरात मी सांगितलं, की तिकडं गोदावरीमुळं पाण्याचं सुख आहे. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

पुढे वर्षभरानं एका सणाला लातूरला आलो होतो. परतीच्या गाडीची वाट पाहत स्टँडवर बसलो असताना शेजारी कुणी तरी अगदी खेटून बसलं. पाहतो तर काका. अंगावर मिलची भुकटी होती.

"लेक कशी हाय?" त्यांनी विचारलं. "बोलाया लागली असंल आता."

ओरडले असते तर मी निभावून नेलं असतं. ते असं बोलले आणि माझा बांध फुटला. मी म्हणालो, "काका, मला ऐकू आलं होतं. त्या बाईचं सगळं बोलणं."

"मला म्हायती हाय."

"कसं?"

"टेपवर तुमचा आवाज हाय की," ते म्हणाले. "बाईचं बोलनं सरलं, आन् लगीच यंत्रापाशी तुमी तलाठ्याला हळूच मनलाव, 'खरं बोलतेय ती. येताना मी पाहिलं, बायका उन्हात बसल्यात.' लई साफ आलाय. तुमी यंत्राच्या जवळच होताव न्हवं."

मला ते आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. आठवायचं म्हणून खूप प्रयत्न केला आहे, कारण त्या सगळ्या प्रकरणात माझ्या तोंडून निघालेलं तेवढंच एक बरं वाक्य. "मग कचेरीत लावलीत त्या कॅसेटमध्ये ते कसं आलं नाही?"

"तेवढं मी खाली घेतलं हुतं. पार तळाला." काका समोर गाड्यांकडे पाहत होते. "जिंदगीत एकाच मानसाचा आवाज मी दाबला. तुमचा. मनलं, नोकरीत नवं पोरगं हाय, घरी बाळंतपन आलंय. यंत्रातून निघाया नगं. कुनी इचारलं तर तोंडानं सांगतीलच की."

मग मी विचारलं, "मूळ कॅसेट होती ना तुमच्याकडे?"

"पिशवीतच हुती. त्या दिशी बी."

"मग तिथं का नाही लावलीत? मी तसं म्हणाल्यावर?"

"तुमच्या तोंडाकडं बघितलं आन् हात गेला न्हाई," काका म्हणाले. "चुकलंच माझं. तुमचं मी बघितलं, तिचं न्हाई बघितलं. त्या बाईपाशी मी बी गुन्हेगार हाय."

त्यांनी हे तिला सांगितलंही होतं. मृग लागल्या लागल्या सायकलवरून त्या गावी गेले, वस्तीत जाऊन तिच्या दारात बसले, काय झालं ते सगळं सांगितलं, आणि मूळ कॅसेट तिच्या हातात ठेवून आले.

"काय म्हणाली ती?"

"शिव्या दिल्या. मला आन् तुमाला बी. द्यायलाच पायजेत." काकांनी पंच्यानं तोंड पुसलं. "मंग मनली, टेप वाजवाया माझ्यापाशी काय हाय? त्या भाऊसाहेबालाच धाडा एकडाव. त्यांच्या तोंडानं ऐकीन, वस्तीला बी ऐकिवीन." आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "जाताव न्हवं?"

"जातो," मी म्हणालो. नांदेडची गाडी लागली होती. चढताना त्यांनी माझी पिशवी वर दिली.

काकांना जाऊन बरीच वर्षं झाली. मला निवृत्त होऊनही झाली. लेकीला, नातवंडांना मी त्यांच्या गमती सांगतो. पंखा बंद करून बसणं सांगतो, आजीबाईचं सांगतो, सगळे पोट धरून हसतात, आणि तिथंच मी थांबतो. नांदेडहून लातूर आणि लातूरहून ते गाव, सकाळी निघालं तर संध्याकाळी घरी परत येता येतं. मी गेलेलो नाही. ती बाई आहे की गेली, हेही मी कुणाला विचारलेलं नाही. आहे असं कळलं, तर जावं लागेल.